तुझी पाळी

रूपानं टॅब्लेट सतरंजीच्या मधोमध ठेवला आणि आवाज वाढवला.

"लाल, आता तुझा नंबर," टॅब्लेटमधून तिचाच आवाज आला, जरा जास्तच गोड.

लाल म्हणजे श्रेया. वसतिगृहातली सगळ्यात वाचाळ पोरगी.

या 'नंबर'पायी रूपाला सगळं रेकॉर्डिंग पुन्हा करावं लागलं होतं. आधी ती सरळ 'आता तुझी पाळी' म्हणाली होती. आता पोरींना माहिती द्यायला ती कॉलेजाकॉलेजांत न्यायची तो खेळच पाळीचा आणि दर दोन मिनिटांनी वरून 'तुझी पाळी'! पोरी हसणार नाहीत तर काय? पहिल्याच कॉलेजात नुसता गोंधळ झाला. मग तिनं तो शब्द खेळातून पार काढून टाकला होता.

"पाळीत लोणच्याला हात लावला तर लोणचं नासतं. खरं की खोटं?"

श्रेयानं 'खोटं' दाबलं. "ताई, माझी आज्जी इथं असती तर टॅबच नासला असता."

सगळ्या खिदळल्या. मोनिका तेवढी मांडीशी पिशवी धरून बसली होती. एकोणीस वर्षांची, लासूर स्टेशनची, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. पुढच्या आठवड्यात तिच्या लग्नाची सुपारी फुटणार होती.

"हिरवा, आता तुझा नंबर."

मोनिकानं बोट पुढं केलं, पण पडद्याला लावलं नाही.

"मोनिका, तुझी पाळी चुकली," टॅब्लेटमधून आलं.

"गेला गं तुझा नंबर!" श्रेया ओरडली, आणि पुन्हा हशा झाला.

रूपानं वाकून टॅब्लेटकडं बघितलं. आवाज तिचाच होता. पण तिनं फक्त रंगांची नावं बोलून ठेवली होती. पोरींची नावं खेळात नव्हतीच.

मोनिकाचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता.

"जा गं पोरींनो, खाली जाऊन चहा घ्या," रूपानं बाकीच्यांना पिटाळलं.

दार लागलं तशी मोनिका म्हणाली, "दोन महिने झाले, ताई. गावाकडं एक बाई काढा देती. पाचच्या गाडीनं चालले मी."

"काढा? अगं, जीव जाईल ना!" रूपाला धडकीच भरली. "घाटीत, सरकारी दवाखान्यात, डॉक्टरीणबाई आहेत. तू सज्ञान आहेस, आईबापाची सही लागत नाय. तुझं नावही बाहेर जात नाय."

"काल जिन्यातपण हेच म्हणलात तुम्ही."

"मी?"

"लाइट गेले होते. तोंड दिसलं नाय, पण आवाज हाच. 'उद्या मी येते, तोवर कुठं जाऊ नको' म्हणलात. म्हणून तर सकाळची गाडी सोडली मी."

रूपा काल दिवसभर सिल्लोडला होती. या इमारतीत तिनं पहिलं पाऊल टाकलं ते आज दुपारी. जिना कुठल्या बाजूला आहे, हेही तिला चौकीदाराला विचारावं लागलं होतं.

"तुम्हीच होता ना, ताई?"

मोनिका तिच्या तोंडाकडं बघत होती. मांडीशी पिशवी भरून तयार होती.

"व्हय," रूपा म्हणाली. "मीच होते. चल, चप्पल घाल."