उजवा हात हुकमाचा

ख्याल गायचा आणि गाता गाता वाद्यवृंदाचं संचालनही आपणच करायचं, असं निमगाव केतकीच्या उत्कर्षा भोंगनं ठरवलं. वृंद तिनंच जमवला होता. व्हायोलिन आणि चेलो बारामतीचे, ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट इंदापूरच्या लग्नाच्या बँडमधले.

आयोजक सर्जेराव तात्यांना हे पटलं नव्हतं. "बारामतीत जमलं, तर इंदापूरचा कार्यक्रम बी असाच करू," ते म्हणाले. "न्हाय जमलं, तर हात हलवायला पुण्याचा माणूस आणीन. तू नुसतं गायचं."

पहिल्याच तालमीत तात्या खरे ठरायची वेळ आली. आलाप वरच्या षड्जाकडे निघाला आणि सवयीनं उत्कर्षाचा उजवा हातही वर गेला. त्यासरशी रतनचा ट्रम्पेट कडाडला. मागोमाग सगळा बँड.

"रतनदादा, अजून तुमची जागा आली नव्हती!"

"बाई, तुमी हात वर केला. वरातीत हात वर म्हंजी सुरू."

"तो गाण्याचा हात होता."

"मग तसं हातावर लिवून ठिवा की!"

व्हायोलिनवाल्या बुद्धघोषला हसू आवरेना. शेवटी नियम ठरला: उजवा हात हुकमाचा, डावा गाण्याचा. उत्कर्षा घरीही डाव्या हातानं ताना घेऊ लागली. आई कौसल्या म्हणाली, "डाव्या हातानं गातीस ते ठीक. जेवू नको म्हंजी झालं."

बारामतीच्या कार्यक्रमाला सभागृह भरलं. हंसध्वनीतला विलंबित ख्याल नीट पार पडला. बँडवाले हुकमाच्या हाताकडं डोळे लावून बसले होते. द्रुत सुरू झालं. शेवटची तान संपताच समेवर सगळ्या वृंदानं शिरायचं होतं. उत्कर्षानं उजवा हात उचलला. पण तानेच्या भरात डावाही वर गेला होता.

रतननं दोन्ही हात पाहिले. हुकूम म्हणावा की गाणं? पुन्हा चूक नको, म्हणून त्यानं ट्रम्पेट मांडीवरच ठेवला. बाकीचे त्याच्याकडं बघत राहिले. सम आली आणि गेली. वाजला फक्त तबला.

उत्कर्षा रतनकडं वळली. त्यानं वाजवायचा तुकडा तिनं सरगमीत गायला. तो हलेना. तिनं तोच तुकडा पुन्हा घेतला, अर्ध्यावर सोडला आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. सभागृहात हशा पिकला.

रतन खुर्चीतून उठला आणि उरलेला अर्धा तुकडा त्यानं थेट वरातीतल्या जोरानं वाजवला. तिनं त्याहून अवघड टाकला. त्यानं तोही पकडला, थोडा वाकडातिकडा, पण पकडला. लोक टाळ्यांनी ताल धरू लागले. मग तिनं डावा हात पाठीमागं नेला, उजवा एकटाच उंचावला आणि सगळा वृंद समेवर एकदम आदळला.

पडदा पडल्यावर तात्या आत आले. "ती तुमची भांडणाची जागा लय झाक बसवलीय. इंदापूरला ती पायजेच."

"तात्या, ती चूक होती," उत्कर्षा म्हणाली.

"मग तितं बी चुका. पुण्याच्या माणसाला कुठलं जमायचं ते?"

"मी एकदा चुकलो, बास," रतन घाम पुसत म्हणाला. "इंदापूर माझं गाव हाय. तितं बाईंनी चुकायचं."