गाणी शुक्रवारी, गुण शनिवारी

खोटं रडायला मला जमत नाही, म्हणून मेकअपदादा माझ्या डोळ्यांत दोन दोन थेंब टाकतात. मग खुर्चीत बसायचं, रिकाम्या स्टेजकडे बघायचं आणि गाल ओले होऊ द्यायचे. सकाळचे साडेनऊ वाजलेले असतात, स्टेजवर एक माणूस शिडीवर चढून दिवा बदलत असतो आणि मी त्याच्याकडे बघून गहिवरते. याला आमच्याकडे 'रिअ‍ॅक्शन घेणं' म्हणतात. गाणारी पोरं यायच्या आधीच आम्हा तिघा परीक्षकांचे चेहरे कॅमेऱ्यात भरून ठेवतात. फ्लोअर मॅनेजर ओरडत असतो, "कौतुक! आता धक्का! आता निराशा! ताई, निराशा जरा कमी, तुमची नेहमीच जास्त होते!" पुढे एडिटर हवा तो चेहरा हव्या त्या गाण्याला चिकटवतो. दिवसभर अंगात कपडे तेच, त्यामुळे कुणाच्या बापाला कळत नाही.

हे पहिल्यांदा करायला सांगितलं त्या दिवशी मी कडाक्याचं भांडले. म्हटलं, चाळीस वर्षं गायले ती असली सोंगं करायला नाही. त्यावर एडिटर शांतपणे म्हणाला, "ताई, गाणं चालू असताना तुम्ही दगडासारख्या बसता. मी दाखवू काय?" खरंच होतं ते. ऐकताना माझा चेहरा मरतो. मग मी एक अट घातली. चेहरे घ्या, काय हवं ते करा, पण गुण माझे आणि बोलणं माझं, त्याला कात्री लावायची नाही. तो शब्द त्याने पाळला. लोक मला 'खडूस ताई' म्हणतात, पण खडूस ताई खोटं बोलत नाही असंही म्हणतात. त्याच्यावरच तर माझी खुर्ची टिकली आहे.

स्टुडिओत शंभर माणसं ताई ताई करतात. घरी आल्यावर दार मीच उघडते, दिवा मीच लावते, आणि ओट्याशी उभ्या उभ्या जेवते. एकटीसाठी टेबल पुसायचं कुणी? माझी एकच मुलगी, तिचे बाबा गेले तेव्हा आली होती, चार दिवस. त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून वर्षाला दोन फोन, एक माझ्या वाढदिवसाला आणि एक तिच्या. तब्येत कशी, बरी, तुझी, बरी. भांडण असतं तर बरं झालं असतं. भांडणात माणसं निदान बोलतात तरी.

ती सतरा वर्षांची असताना एका स्पर्धेची तयारी करत होती. पलीकडच्या खोलीत एकच ओळ पुन्हा पुन्हा गात होती आणि वरच्या सुराला जाताना दर वेळी घसरत होती. मी दारात जाऊन म्हणाले, "बंद कर. कान किटले माझे." तिने बंद केलं. ते कायमचंच. पुढे शिकली, नोकरी, लग्न, सगळं झालं, पण त्या दिवसानंतर तिला गुणगुणताना मी ऐकलेलं नाही. लोकांना सांगताना मी म्हणायचे, आईची माया वेगळी आणि गाणं वेगळं, मी पोटच्या पोरीलाही खोटं सांगितलं नाही. ताठ मानेने सांगायचे.

आमच्या कार्यक्रमात गाणी शुक्रवारी आणि गुण शनिवारी. शूटिंग मात्र दोन्हींचं एकाच दिवशी, तीन आठवडे आधी. त्या शुक्रवारी मी टीव्ही लावलाही नव्हता. स्वतःचं थोबाड बघत बसायची मला हौस नाही. मी भांडी विसळत होते आणि फोन वाजला. मुलीचा होता. माझा वाढदिवस नव्हता, तिचाही नव्हता.

"काय गं? सगळं ठीक ना?"

"ठीक आहे. आई, मी बघितलं आत्ता. ती चष्मेवाली मुलगी गायली ना, ते."

"हं."

"वरच्या सुराला घसरली ती. दोन्ही वेळा. आणि तू रडत होतीस."

मी सांगणारच होते की अगं वेडे, ते मेकअपदादांचे थेंब आहेत. पण तिचा आवाज काही वेगळाच येत होता.

"मी अश्शीच घसरायचे, आई. तुला माझी आठवण आली होती का?"

आता तुम्हीच सांगा. सहा वर्षं जी पोरगी घराची पायरी चढली नाही, तिने असं विचारल्यावर कोणती आई म्हणेल की नाही बाई, मी शिडीवरच्या माणसाकडे बघत होते?

"हो," मी म्हणाले.

"किती गुण दिलेस तिला?"

"दहा." उचलली जीभ, लावली टाळ्याला.

ती रडायला लागली. म्हणाली, तू खोटं बोलत नाहीस हे मला माहीत आहे, म्हणून इतकी वर्षं माझ्या गळ्यात काही नाहीच असं धरून चालले. म्हणाली, रविवारी येते, दोन दिवस राहते, चालेल ना? मी म्हटलं, चालेल ना काय विचारतेस, शहाणे, घर काय माझ्या एकटीचं आहे?

फोन ठेवल्यावर मी तिची खोली उघडली. पलंगावर माझे शोचे कपडे, खोकी, जुन्या फाइली, नुसता उकिरडा. सगळं उपसलं. चादर बदलली, ती आवडली नाही म्हणून पुन्हा बदलली. गुडघे बोंबलत होते, पण मी त्यांचं ऐकलं नाही. कितीतरी वर्षांनी त्या घरात मी मोठ्याने बोलले, उशीच्या अभ्र्याशी का होईना.

सकाळी चहा घेताना मोबाइलवर जाहिरात आली. 'आज संध्याकाळी आठ वाजता, कुणाचा प्रवास संपणार?' आणि चष्मेवालीचा रडवेला चेहरा.

माझी अक्कल कुठे चरायला गेली होती कोण जाणे! माझ्या लेखी ते सगळं तीन आठवड्यांपूर्वी होऊन गेलं होतं. गुण दिले, पोरगी घरी गेली, संपलं. जगाला ते अजून दिसायचं आहे हे डोक्यातच आलं नाही. त्या पोरीला मी सहा दिले होते. माझ्या त्या सहामुळेच ती बाहेर गेली होती.

मी एडिटरला फोन लावला. आयुष्यात पहिल्यांदा कुणापुढे तोंड वेंगाडलं. म्हटलं, माझे गुण जरा झाकता येतील का, नुसता निकाल दाखव. तो म्हणाला, "ताई, एपिसोड चॅनलला गेला. आता देव आला तरी बदलणार नाही. आणि अट तुमचीच होती ना?"

दिवसभर मी सबबी जुळवत बसले. चॅनलने बदललं म्हणावं. ऐकताना चूक झाली म्हणावं. एक खोटं झाकायला दुसरं, दुसऱ्याला तिसरं. माझ्यासारखीला हा धंदा येत नाही, त्याला लहानपणापासून सवय लागते. तिने टीव्हीवर बघून समजण्यापेक्षा माझ्या तोंडून ऐकावं, एवढंच शेवटी उरलं. पावणेआठला मी फोन लावला.

"आई! मी बॅगच भरतेय. काही आणू का?"

"काही नको. ऐक. मी काल खोटं बोलले. ते रडणं खरं नव्हतं, डोळ्यांत औषध घालून आधीच करून घेतात. आणि गुण दहा नाही, सहा दिलेत. ती बाहेर जाते आज."



"आणि माझी आठवण?"

एवढं एक खोटं पचलं असतं. ते काही कुठल्या एपिसोडमध्ये येणार नव्हतं.

"तिथे नाही आली," मी म्हणाले. "तिथे मी कामात असते. घरी येते तुझी आठवण. रोज येते. जेवताना तर फार येते."

तिने फोन ठेवला नाही. तिकडे टीव्ही चालू होता, मीही लावला. कार्यक्रमाचं संगीत तिच्याकडून आणि माझ्याकडून, जरा पुढेमागे, दोन्हीकडून ऐकू येत होतं. आम्ही दोघी बघत राहिलो. चष्मेवाली पुढे आली. पडद्यावरच्या मी सहाचा आकडा वर केला आणि म्हणाले, "बाळ, सूर तुझ्याकडे आहे. पण वर जाताना तू घाबरतेस आणि श्वास चोरतेस, म्हणून घसरतेस. गळ्याचा दोष नाही तो, भीतीचा आहे. भीती गेली की सूर आपोआप लागेल." पोरगी मान हलवून रडत होती आणि रडता रडता हसतही होती. एडिटरने एक शब्द कापला नव्हता.

"तिला कारण सांगितलंस," मुलगी फोनवर हळूच म्हणाली. "मला नुसतं बंद कर म्हणालीस."

"हो."

"मी पण घाबरायचे, आई. तुलाच."

"माहीत होतं मला," मी म्हणाले. "तेव्हाही माहीत होतं. तुला खरं कारण सांगितलं असतं तर मला बदलावं लागलं असतं. तुला गप्प करणं सोपं होतं."

हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नाही.

तिकडे जाहिराती लागल्या. माझ्याकडेही लागल्या.

"उद्या नाही येत मी," ती म्हणाली. "मला राग आलाय. बावीस वर्षं मी स्वतःवरच रागावले होते. आता तुझ्यावर येतोय, तो जरा नीट येऊ दे."

"येऊ दे," मी म्हणाले. "मग कधी येशील?"

"सांगते," ती म्हणाली आणि फोन बंद झाला. कार्यक्रम संपेपर्यंत मी तो कानाला तसाच धरून बसले होते.