ऑम्लेटवाली छत्री

मी एक छत्री हाय. जुनी म्हणाल तं जुनी, पण मिजास अजून नव्याचीच! निळंशार कापड, लाकडाची मूठ, अन् बटन दाबलं का फडाक् करून उघडते. दम धरा मित्रायनो, सगळं सांगते.

कारखान्यात मले शिवलं, तवाचं काई आठवत नाई. पयले आठवते तो आदिलाबादचा बाजार अन् दुकानातला खिळा. त्याच्यावर मी उलटी लटकलेली. तिथून जवळच्याच मावला गावच्या संघपाल सरांनी मले घरी नेलं. सर शाळेत शिकवतात. घरात त्यांची पोरगी मैत्री, सहावीतली, अन् सरांची माय चंपाबाई. चंपाबाईची जिनगी बेला गावाकडं लोकायच्या वावरात कापूस वेचण्यात गेली. डोक्यावर कवाच सावली नाई. म्हून ती मले लय जपे. ओली झाली का पदरानं पुसे, अंगणात सुकवे. "माही राणी" म्हणे मले! मी फुगून जायची.

मग एक दिवस कुंपणाच्या तारेत अडकली अन् टर्रकन फाटली. चंपाबाईनं जुन्या लुगड्याचा पिवळा तुकडा गोल कापला, भोवती पांढरी किनार लावली अन् झ्याक ठिगळ मारलं. तिले वाटलं, फूल झालं. दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकात मैत्रीची दोस्तीण प्रीती ओरडली, "पाह्य वं, ऑम्लेटवाली छत्री!"

अख्खं फाटक हासलं. त्या दिवसापासून मैत्रीनं मले उघडलंच नाई. दारामागचा कोपरा मी, अन् माह्यावर कोळ्याचं जाळं.

अन् एकदम दिल्ली! शनिवार-रविवार तिथं फिरायले तिघं गुरुवारीच निघाले. राजधानी कोणीच पाह्यली नव्हती. सर म्हणाले, "तिथं गर्दी लय. मैत्री, ही छत्री उंच धर. माय, तू दुसरीकडं पाहूच नको. निळी छत्री दिसते का, तिच्यामागं चाल." मंजे मी झेंडा! कोपऱ्यातून थेट लाल किल्ला!

तिथं ऊन असं, का दगडं तापले होते.

"मैत्रे, उघड ना तिले. डोकं भाजून राह्यलं," चंपाबाई म्हणाली.

"नाई आजी. दिल्लीचे लोक हासतील."

"हासू दे. दात तरी दिसतील त्यायचे."

"नाईच!"

मी मिटलेलीच राह्यली, काठीसारखी हवेत.

किल्ला पाहून बाहेर निघालो. सर पुढं, मंधात मैत्री, मागं चंपाबाई. लोकायचा लोंढा असा आला का कोणाचा पाय कोणाच्या पायावर. मी वर होती ना, मले सगळं दिसे. अन् मले दिसलं, दुसऱ्या एका टोळीच्या गाईडच्या हातात मिटलेली निळी छत्री! हुबेहूब मीच! चंपाबाई खाली पाहून पायऱ्या उतरून राह्यली होती. तिनं मान वर केली, निळं दिसलं, अन् चालली त्याच्यामागं.

आजी, ती मी नाई! वळ ना वं! पण छत्रीले तोंड कुठं असते?

थोड्या वेळानं मैत्रीनं मागं पाह्यलं. तिथं आजी नव्हती.

"बाबा! आजी!"

सरांचं तोंड कापसासारखं पांढरं झालं. खिशात हात घातला, मग आठवलं का मायचा फोन तं लॉजवर चार्जिंगले लावला हाय. "माय! ओ माय!" सर ओरडले. "आजी!" मैत्री ओरडली. कोणीच वळेना. तिच्या हाताच्या घामानं माही मूठ निसटून राह्यली होती.

तेवढ्यात दूर, बस उभ्या होत्या तिकडून, कोणीतरी विचारलं, "माताजी, आप कौन?"

अन् एक खणखणीत आवाज, "काऊन मंजे? सोबत हाय म्हून!"

"अरे, कौन हो आप?"

"पुन्हा काऊन! चढू दे ना बापा, माही पोरगी आत गेली!"

आमच्याकडं काऊन मंजे कशासाठी. तो बिचारा 'कोण' विचारे, अन् आमची आजी त्याले कारण सांगे!

मैत्री थबकली. "बाबा, काऊन! दिल्लीत काऊन कोण म्हणते? आजीच हाय!"

धावलो. पण बसाच बसा, इंजनं सुरू, हॉर्न बोंबलते, अन् तो आवाज बुडाला. एक बस हलायले लागली. सर उड्या मारून पाहून राह्यले. मैत्रीनं मले वर केलं. पण तिकडंही निळी छत्रीच होती ना वर!

तिनं माह्याकडं पाह्यलं. अन् बटन दाबलं.

फडाक्!

"आजी! ऑम्लेट! ऑम्लेट पाह्य!"

पोरगी नरड्याच्या शिरा ताणून ओरडे अन् मले गरगर फिरवे. लोक वळून हासले. हासू दे! कोणाच्या तरी बॅगेत अडकून माही एक काडी कडाक् मोडली. कळ मस्तकात गेली, पण मी मिटली नाई.

बसच्या पायरीवर एक पाय ठेवलेली चंपाबाई वळली.

"अगं माय! माहं ठिगळ!"

पाय खाली आला. बस गेली.

सरांनी मायचा हात घट्ट धरला. चंपाबाईनं पयले माही मोडकी काडी चाचपली. मग मैत्रीकडं पाह्यलं.

"येवढा वेळ मिटून काऊन ठेवली होती वं?"

मैत्रीनं मले आजीच्या डोक्यावर धरलं, अन् रविवारी परतीच्या गाडीत बसेपर्यंत मिटू दिलं नाई.

आता माही काडी सुतळीनं बांधली हाय. जागा दाराच्या पुढच्या खिळ्यावर. प्रीती अजून ऑम्लेट म्हणते. मैत्री म्हणते, "हो, दोन अंड्यायचं!"

म्हून सांगते मित्रायनो, तुमच्या घरी माह्यासारखी ठिगळाची कोणी असन, तं तिले कोपऱ्यात नका टाकू. भर बाजारात उघडा. अन् तिले उंच धरून पुढं पळायच्या आधी जरा मागं पाहत जा. कोणीतरी हळूहळू चालत, तुमच्याच भरवशावर येऊन राह्यलं असते.