येलदरीचा मासा

लिंबाजीने जीपचा मागचा फाळका पाडला आणि कुसुमबाईला दोन्ही हातांनी धरून खाली उतरवले. घाट चढून इंजिन तापले होते. चंद्रभान ड्रायव्हर डबा घेऊन धरणाकडे पाणी आणायला गेला.

"कवा पोचू वं घरी?" तिने विचारले.

"दिवस मावळायच्या आत."

सकाळी परभणीच्या डॉक्टरांनी त्याला एकट्यालाच आत बोलावले होते. मूत्रपिंडे पार निकामी झालीत, आता घरी घेऊन जा, एवढेच ते म्हणाले. बाहेर येऊन लिंबाजीने बायकोला सांगितले, "औषध बदललंय. गुण येईल म्हनले." खोटे बोलायची त्याला सवय नव्हती, पण तेवढ्यापुरती जीभ मेली सरसर चालली. उद्या लेकीला, सत्यशीलाला, सासरहून आणवायचे आणि मग दोघांनी मिळून सांगायचे, तोवर ब्र काढायचा नाही, असे त्याने पक्के केले होते.

धरणाच्या भिंतीला लागून कडूबाई भोईण मासे तळत बसली होती. तिच्या मागच्या चौकीवर नामांतराची निळी घोषणा होती, अर्धी चुन्याने पुसलेली. वास आला तशी कुसुमबाई थांबली आणि उगीच हसली.

"आवं, खाऊ का मासा?"

ही तिची नेहमीची चेष्टा. दोन वर्षे झाली, तिला मीठ बंद, मासा-मटण बंद. आणि लिंबाजी म्हणजे कसला पहारेकरी! सत्यशीलाच्या लग्नात तिने लोणच्याची एक फोड उचलली, तर या बाबाने भर पंगतीत ती हिसकावून घेतली. बायका हसल्या, कुसुमबाई रडली, पण हा बधला नाही. तिने मासा मागायचा आणि याने "गप बैस" म्हणून खेकसायचे, असे तेव्हापासून ठरूनच गेले होते.

आज त्याच्याने खेकसवेना. बिचारीने दोन वर्षे अळणी गिळले, आणि कशासाठी?

"दे वं मावशी, मोठा बघून दे," तो कडूबाईला म्हणाला. पळसाच्या पानावरचा गरम तुकडा त्याने बायकोपुढे धरला. "खा. मीठ लागतंय का वरून?"

बोलून गेला, आणि त्याने तिच्या तोंडाकडे बघितले. तिचे हसू गेले होते. ती पानाकडे बघत राहिली, मग त्याच्याकडे. पान ओढून घ्यावे, चांगले खेकसावे, असे त्याला फार वाटले. हात मात्र हलेना.

कुसुमबाईने पान हातात घेतले. लहानसा तुकडा मोडून तोंडात घातला आणि सावकाश चावला.

"चंद्रभानला सांगा," ती म्हणाली, "सत्यशीलाच्या गावावरून गाडी घे म्हनावं. तिला आजच संगं घेऊ. तुमी एकटे पडताल."