रेघेवरचा अंगठा

पालघरच्या शाळेमागे पत्र्याची एक शेड होती. त्या शेडमध्ये बळवंत मिस्त्रींचा एकच कायदा चाले. पोरांनी लाकडावर रेघ मारायची, मिस्त्रींनी त्या रेघेवरून अंगठा फिरवायचा, आणि मगच करवत लावायची. हा कायदा त्यांनी सातपाटीहून आणला होता. तिथे त्यांचे वडील होड्या बांधायचे आणि त्यांचा अंगठा फिरल्याशिवाय एकही फळी कापली जात नसे. होडीत माणसं बसतात, एवढंच कारण ते सांगायचे. शाळेच्या तांत्रिक तुकडीला शिकवताना सहा वर्षांत मिस्त्रींनी एकही चुकीची रेघ पुढे जाऊ दिली नव्हती. सूतभर, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाइतकी चूक असली, तरी त्यांचा अंगठा तिथेच अडायचा.

अशा माणसाच्या शेडमध्ये पासष्ट सालच्या दिवाळीनंतर गणित घुसलं.

घुसवलं ते हेडमास्तरांनी. त्यांना सगळे अण्णा म्हणत. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम सुरू झालं होतं आणि आपल्या पोरांनी तिथे नुसती घमेली वाहू नयेत, अशी अण्णांची तळमळ होती. तळमळ खरी होती, पण तिला धीर अजिबात नव्हता. त्यांनी फर्मान काढलं की तांत्रिक तुकडीचं गणित आणि मराठी यापुढे वर्गात बसून नाही, शेडमध्ये, कामाच्या जोडीनेच शिकवायचं. पहिलं काम म्हणजे शेडचंच दार. चौकट मिस्त्रींनी केव्हाच बसवली होती, पण दाराच्या जागी गोणपाट लोंबत होतं. मापं गणिताच्या सरांनी काढून घ्यावीत, सुतारकाम मिस्त्रींनी करून घ्यावं आणि मराठीच्या विजयाबाईंनी दार या विषयावर निबंध लिहून घ्यावा. महिन्याभराने ठाण्याहून निरीक्षक येणार होते. त्यांच्यासमोर दार लावायचं. त्यांना पसंत पडलं, तर ही पद्धत कायमची आणि शेडचे प्रमुख गणिताचे खंडेराव सर.

प्रमुख खंडेराव सर! मिस्त्रींच्या घशात तेवढंच अडकलं.

खंडेराव सर साताऱ्याकडचे, बी.एस्सी., बी.टी. पहिल्या दिवशी शेडमध्ये आले तेच नाकाला रुमाल लावून. भुशाचा एवढा तिटकारा होता, तर यायचं कशाला? पण आले, आणि आल्याआल्या मिस्त्रींची जुनी लाकडी फूटपट्टी उचलून त्यांनी पेटीत टाकली, वर कुलूप लावलं.

"सरकारने फूट-इंच रद्द केलेत, मिस्त्री. आता मिलिमीटर."

"माझ्या बापाचं सूत काय सरकारनं दिलं नव्हतं, सर. ते कसं रद्द करतील?"

"पोरांसमोर वाद नको. तुम्ही रंधा मारा. डोकं चालवायला मी आहे."

वीस पोरांनी माना खाली घातल्या. मिस्त्रींच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. त्या दिवसापासून ते सरांच्या वाईटावर टपले. सरांचा खडू हरवायचा, फळा भिंतीकडे तोंड करून सापडायचा, आणि सरांच्या स्टुलाचा एक पाय दर सोमवारी थोडा आखूड व्हायचा. सरही काही कमी नव्हते. मिस्त्री बोलायला लागले की ते पोरांकडे बघून घड्याळाला चावी द्यायचे.

मग दाराच्या मापाचा तास आला. समोर चौकट उभी, हातात सरकारचा नवा कोरा टेप. तो लावला असता तर काम संपलं असतं. पण मग गणित कुठे दिसणार? सरांनी मिस्त्रींना माप विचारलं.

"रुंदी तीन फूट. उंची सहा," मिस्त्रींनी तुटक सांगितलं.

सरांनी फळ्यावर फुटाचे इंच केले, इंचाचे सूत केले. रुंदी दोनशे अठ्ठ्याऐंशी सूत.

"आता एक सूत म्हणजे तीन मिलिमीटर धरा. पुढचा अपूर्णांक तुमच्या डोक्यांना झेपायचा नाही."

पोरांनी गुणाकार केला. उत्तर आलं आठशे चौसष्ट. तशीच उंचीही निघाली.

मिस्त्रींचा रंधा थांबला. सरांना वाटायचं हा माणूस अडाणी, पण टेप आला त्या रात्रीच मिस्त्रींनी तो घरी नेऊन तिथल्या दुसऱ्या फूटपट्टीशेजारी लावून पाहिला होता. सूत तीन मिलिमीटरहून केसभर जास्त असतं. एका सुतात केसच, पण तीन फुटांत ते केस साठून दोन इंच होतात, सहा फुटांत चार. दार चौकटीला पुरणार नव्हतं. हे मिस्त्रींना कळलं, आणि खरं सांगायचं तर त्यांना गुदगुल्या झाल्या. एक शब्द न बोलता त्यांनी रंधा पुढे ढकलला.

रेघा मारल्या बुधाने. हा जव्हारच्या डोंगरातला, वसतिगृहात राहणारा, तुकडीतला सगळ्यात चांगला हात. सागाच्या फळीवर त्याने नेमकी रेघ ओढली आणि मग तिच्याकडे बघत राहिला.

"मिस्त्री, आखूड वाटतं. तुमी अंगठा फिरवा."

मिस्त्री उठले. फळीपाशी वाकले. अंगठा रेघेवर ठेवला, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो अडू द्यायचा नाही असं ठरवून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला.

"बराबर हाय," ते म्हणाले. "काप."

बुधाने लगेच करवत लावली. त्याच्या मनात पुढे शंका उरली नाही.

दार व्हरांड्यात जोडलं. चौकटीला लावून बघायची वेळ येऊ नये, याची काळजी मिस्त्रींनी घेतली. आणि निरीक्षक आले त्या दिवशी, अण्णा, सर, विजयाबाई सगळ्यांच्या देखत, चार पोरांनी दार उचलून चौकटीत धरलं. बाजूने उजेड आला. वरच्या फटीतून तर मांजर सहज गेलं असतं.

"हे काय?" निरीक्षक म्हणाले. "चूक कुणाची?"

खंडेराव सर फळ्यापाशी गेले. जुनी वही उघडून आकडे पाहिले. त्यांचा चेहरा उतरला. मिस्त्री हाताची घडी घालून उभे होते. या घटकेची वाट बघत त्यांनी महिना काढला होता.

"माझी," सर म्हणाले. "मुलांना झेपणार नाही म्हणून मी अपूर्णांक सोडला. मुलांची चूक नाही. मिस्त्रींचीही नाही."

हा माणूस असं बोलेल, असं मिस्त्रींच्या स्वप्नातही नव्हतं. एरवी नाकाला रुमाल लावणारा! त्यांच्या हाताची घडी सुटली. तेवढ्यात बुधा पुढे आला.

"सरांची चूक नाय, साहेब. मिस्त्रींनी अंगठा फिरवला हुता. मिस्त्रींचा अंगठा चुकत नाय. चौकटच फाकली असंल."

पोरं हसली. बुधा नाही हसला. टेप घेऊन तो सरळ चौकटीकडे गेला. खालून मोजलं, मधून मोजलं, वरून मोजलं. परत खालून मोजलं. चौकट मिस्त्रींनी बसवली तेव्हा होती तेवढीच होती. टेप गुंडाळता गुंडाळता त्याचा हात थांबला. त्याने वळून मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्रींनी नजर पत्र्याकडे नेली, आणि पोराला सगळं कळलं.

निरीक्षकांनी शेरा लिहिला: गणित वर्गात शिकवावं, सुतारकाम शेडमध्ये. खंडेराव सरांनी पेटीचं कुलूप काढलं, फूटपट्टी मिस्त्रींच्या हातात दिली आणि निघून गेले. मिस्त्रींना जे हवं होतं ते सगळं मिळालं.

दुसऱ्या दिवशी नव्या फळीवर बुधाने रेघ मारली आणि कायद्याप्रमाणे बाजूला झाला. मिस्त्रींनी अंगठा फिरवला. खरोखर फिरवला, जीव लावून.

"बराबर हाय. काप."

"हां, मिस्त्री," बुधा म्हणाला. त्याने करवत खाली ठेवली, फूटपट्टी उचलली, आणि त्यांच्यासमोरच ती रेघ पुन्हा मोजायला घेतली.