हातघट्ट

आमच्या घरात ‘फिटिंग’ या एका शब्दाचे तीन अर्थ आहेत आणि प्रत्येकाला आपलाच खरा वाटतो. मी लोकांचे कपडे अल्टर करून देते, त्यामुळे माझ्या लेखी फिटिंग म्हणजे कंबर, खांदा, बाही. आमचे हे प्लंबर. त्यांचं फिटिंग भिंतीच्या आत असतं. आणि आमची धाकटी, तिशीला टेकली तरी जिला आम्ही बारकीच म्हणतो, तिची फिटिंग्ज बारीक नळ्या जोडायची, अंगठ्याच्या पेराएवढी, चकचकीत, डबीत कापसावर ठेवलेली. जेवताना कुणी “फिटिंगचं काय झालं?” असं विचारलं की तिघंही मान वर करतो. पुढचा सगळा घोळ अशाच एका शब्दानं घातला, म्हणून हे आधीच सांगून ठेवते.

बारकी कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला होती. हुशार पोरगी, पण मालक तिला दिवसभर मोबाइलच्या काचांवर प्लॅस्टिक चिकटवायला बसवायचा. एक दिवस ती भरदुपारी घरी आली, चप्पल भिरकावली आणि म्हणाली, “सोडली नोकरी. मी स्वतः मशीन बांधणार.” मशीन म्हणजे गेम खेळायचे कॉम्प्युटर. त्यांना इतकं काम पडतं की ते तापतात, नुसत्या पंख्यानं भागत नाही, म्हणून त्यांच्यात पाणी फिरवायचं.

“विजेच्या वस्तूत पाणी?” मी म्हटलं. “तुझी अक्कल कुठं गहाण टाकलीस?”

ती हसली. हे हसले नाहीत. पाण्याचा विषय निघाला की हे गंभीर होतात.

तिला पहिलं काम दिलं ते गेमिंग कॅफे चालवणाऱ्या एका बाईंनी. त्यांना दाराशी ठेवायला असं मशीन हवं होतं की रस्त्यानं जाणाऱ्याची पावलं थबकावीत. ते पसंत पडलं, नीट चाललं, तर कॅफेतली बाकीची मशीनंही बारकीच बांधणार होती. नाही पडलं, तर पुन्हा त्याच मालकाच्या दारात जायचं आणि काचांवर प्लॅस्टिक. इतका सरळ मामला होता.

मशीनचा बाहेरचा डबा वेगळा हवा म्हणून बारकीनं ह्यांच्या अडगळीतून एक जुना गिझर ओढून काढला. चांगला मोठा, पोटाला गरगरीत, पांढऱ्या पत्र्याचा.

“तो चांगला आहे,” हे म्हणाले.

“बाबा, टाकी गंजून भोक पडलंय.”

“टाकीला भोक पडलंय. गिझर चांगला आहे.”

अशा माणसाबरोबर मी संसार केलाय. पण दिला त्यांनी गिझर. बारकीनं आतली टाकी काढून टाकली, पोटाला खिडकी कापली आणि तिथं पारदर्शक प्लॅस्टिक बसवलं. तापमान ठरवायचं गोल बटण होतं, ते आता पंख्यांचा वेग ठरवणार होतं. वरच्या अंगाला एक छोटा रेडिएटर, खाली पाण्याची चिमुकली टाकी आणि पंप, मध्ये कॉम्प्युटरचा मेंदू. त्या मेंदूवर तांब्याचा एक ठोकळा बसतो, वर पारदर्शक झाकण असलेला. नळ्यांची फिटिंग्ज त्या झाकणातच बसतात. पाणी त्यातून जाताना उष्णता उचलतं, वर जाऊन निवतं, पुन्हा खाली येतं. धूळ जाऊ नये म्हणून काळ्या जाळीची झालर मी शिवून दिली. ज्यानं जन्मभर पाणी तापवलं, त्याच्याकडूनच आता थंडाव्याची अपेक्षा करायची, याची मला गंमत वाटायची.

“म्हणजे खालून वर, वरून खाली,” हे नळ्या न्याहाळत म्हणाले. “आमचंच काम की.”

तेव्हापासून त्यांची खुर्ची त्या टेबलाजवळून हलली नाही. ह्यांचे गुडघे गेल्यापासून सिंकखाली शिरायचं बंद झालं होतं. घरी बसून करणार काय? आमच्या घरातला एकही नळ गळत नाही, हीच त्यांची खरी अडचण. सकाळी उठून सगळे नळ तपासायचे, काही सापडायचं नाही, मग माझ्या शिवणाच्या मशीनला तेल घालायचे. इतकं तेल, की गिऱ्हाइकांच्या कपड्यांवर डाग पडायला लागले.

बाई मशीन बघायला येणार त्याच्या आदल्या दिवशी जेवताना ह्यांनी विचारलं, “जॉइंट झाले?”

“झाले बाबा. सगळे हातघट्ट केलेत.”

ह्यांनी मान डोलावली. जेवण होताच बारकी डिस्टिल्ड वॉटर आणायला बाहेर पडली. मी इस्त्री करत होते. बघते तर ह्यांनी आपली जुनी पिशवी उघडली, पांढऱ्या टेपचं रीळ काढलं, लहान पाना काढला आणि गिझरच्या पोटात हात घातला.

“काय चाललंय?”

“तिचं थोडं राहिलंय. उरकून टाकतो. दमलीय पोरगी.”

खरं सांगते, मला फार बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी त्यांच्या हातात पाना होता. मी गुणगुणत इस्त्री करत राहिले.

बारकी आली, टाकीत पाणी भरलं. प्रत्येक सांध्याखाली पांढऱ्या टिश्यू पेपरची घडी ठेवली. बाकी सगळ्याची वीज तोडून फक्त पंप सुरू केला. गळलंच तर नुकसान नको, अशी ती पद्धत असते. पाणी नळ्यांतून धावायला लागलं, बुडबुडे पळाले आणि आम्ही तिघंही लहान मुलांसारखे वाकून बघत बसलो. मग ठोकळ्याखालचा टिश्यू एका कोपऱ्यावर गडद झाला. बघता बघता अर्धा भिजला.

बारकीनं पंप बंद केला, टॉर्च मारला. पारदर्शक झाकणात केसाएवढी चीर गेली होती आणि फिटिंगच्या बुडातून पांढऱ्या टेपचं टोक डोकावत होतं.

“ही टेप कुणी लावली?”

आमच्या घरात हा प्रश्न विचारायची गरजच नव्हती.

“तूच म्हणालीस ना, हातघट्ट केलेत,” हे म्हणाले. “मग मी आवळले.”

“हातघट्ट म्हणजे झालं, बाबा! आत रबराची रिंग असते. ती दबली की थांबायचं. हे प्लॅस्टिक आहे!”

“हातघट्ट म्हणजे राहिलं! हातघट्ट जॉइंट सोडून कुणी घरी गेला, तर दुसऱ्या दिवशी मी त्याला साइटवर पाय ठेवू देत नव्हतो.”

“मी तुमच्यासारखे पाइप नाही जोडत!”

“मग माझा शब्द कशाला वापरलास?”

शब्द ह्यांचाच होता. लहानपणी त्यांच्यामागून फिरताना तिनं तो उचलला होता आणि आपल्या कामाला लावला होता. ह्यांच्या धंद्यात हातघट्ट म्हणजे माझी कच्ची टीप, पुढं पक्की मारायचीच असते. तिच्या धंद्यात तीच पक्की. दोघंही खरं बोलत होते, म्हणून भांडणाला तोंड होतं पण शेपूट नव्हतं. मी दोघांच्या मध्ये इस्त्री घेऊन उभी. कुणाला रागवावं तेच कळेना, म्हणून इस्त्रीलाच शिव्या घातल्या.

नवं झाकण मागवावं लागणार होतं आणि ते काही उद्यापर्यंत येत नव्हतं. बारकी टेबलाशी डोकं धरून बसली. मग हळूच म्हणाली, “उद्या नुसते आतले दिवे लावून दाखवते. नळ्यांत पाणी दिसतंय. फिरतंय की नाही, त्यांना काय कळणार?”

“नाही,” हे म्हणाले. “गळतंय तर गळतंय म्हणायचं.”

“तुम्हाला बोलायला काय जातं? काम माझं जाणार.”

हे उठले आणि आत जाऊन पडले. रात्री जेवले नाहीत. ती पण नाही. मी मात्र जेवले. कुणीतरी शुद्धीवर राहायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. कापलेले केस, हातात किल्ल्यांचा जुडगा, नजर तीक्ष्ण. गिझर बघून त्या खळखळून हसल्या, खाली बसून खिडकीतून आत डोकावल्या, गोल बटण फिरवून पाहिलं. माझ्या झालरीवरूनही बोट फिरवलं. आवडलं होतं त्यांना, चेहऱ्यावरच दिसत होतं.

“चला, चालू करा,” त्या म्हणाल्या.

बारकीचा हात दिव्यांच्या बटणाकडे गेला. हात तिथं थांबला आणि खाली आला.

“चालू होणार नाही,” ती म्हणाली. “झाकणाला चीर गेलीय. गळतंय.”

“मी फोडलं,” हे लगेच म्हणाले. “जास्त आवळलं.”

“बाबा, मीच नीट सांगितलं नव्हतं.”

“मी विचारायला हवं होतं.”

“तुम्ही मध्ये बोलू नका हो!”

आदल्या दिवशी चूक एकमेकांच्या गळ्यात मारत होते, आज तीच स्वतःकडे ओढत होते. बाई आळीपाळीनं दोघांकडे बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, “चीर दाखवा.” बारकीनं टॉर्च मारून दाखवली.

“मागं एका मोठ्या दुकानातून असंच मशीन घेतलं होतं,” बाई म्हणाल्या. “ते गळतंय हे मला गिऱ्हाइकाच्या ओल्या बुटांवरून कळलं. दुकानवाले म्हणाले, तुम्हीच हलवलं असणार. गळायच्या आधी सांगणारे तुम्ही पहिलेच.” त्या उठल्या. “झाकण आलं की घेऊन या. सांध्यांखाली कागद ठेवून दिवसभर माझ्याकडे चालवू. कागद कोरडा राहिला, तर बाकीच्यांचं बोलू.”

त्या गेल्यावर बारकी कितीतरी वेळ हसतच होती. ह्यांनी मात्र पाना पिशवीत टाकून दिला.

झाकण आलं. बारकीनं सगळं पुसून मांडलं आणि आत हाक मारली, “बाबा, या. तुम्ही बसवा.”

“मी? परत?”

“या म्हटलं ना.”

हे बसले. दोन बोटांत फिटिंग धरलं आणि फिरवायला लागले. तिनं आपलं बोट त्यांच्या बोटावर ठेवलं. “सावकाश. अजून. आता. लागलं ना काहीतरी मऊ?”

ह्यांनी डोळे मिटले. “लागलं.”

“बास.”

ह्यांनी हात काढून घेतला, पण लगेच ते फिटिंग सोडवलं आणि पुन्हा बसवलं. परत सोडवलं, परत बसवलं. तिच्याकडे न बघता, एखाद्या हट्टी पोरासारखं, हाताला ती जागा पाठ होईपर्यंत. ती शेजारी बसून राहिली.

कॅफेत मशीन नेलं त्या दिवशी सकाळपासून गिझरभोवती गर्दी. पोरंपोरी खेळत होती, पाणी धावत होतं, गोल बटण जो तो फिरवून बघत होता. मी एका कोपऱ्यात फुकटचा चहा पीत बसले होते. हे मध्येच गुडघे धरत वाकायचे आणि टिश्यूला हात लावून यायचे. इतक्यांदा, की एका पोरानं विचारलं, “आजोबा, काही पडलंय का तुमचं?”

संध्याकाळी बाईंनी स्वतः सगळे टिश्यू काढले आणि एकेक करून गालाला लावून पाहिले. सगळे कोरडे. त्यांनी मान डोलावली आणि त्या ह्यांच्याकडे वळल्या. पांढरे केस, हातात हत्यारांची पिशवी, गळतीचं काम ह्यांचंच असं वाटणं साहजिकच होतं.

“बाकीची पुढच्या महिन्यापासून घ्या करायला,” त्या म्हणाल्या. “आणि उद्या काही गळलंच, तर तुम्हालाच फोन करायचा ना?”

“मला नको,” हे म्हणाले. “हिला करा. काम हिचं आहे. मी हिच्या हाताखाली असतो.”

आयुष्यात एकाही ठेकेदाराशी ह्यांचं जमलं नाही. कुणाच्या हाताखाली राहायचं म्हटलं की पिशवी उचलून निघून यायचे. मी स्वतः पाहिलंय ते, कितीदा तरी. बारकी गिझरच्या खिडकीपाशी वाकून काहीतरी तपासायला लागली. तपासायला काही उरलं नव्हतं. मी मात्र सरळ रडले. लपवायचं काय त्यात?