सव्वा रुपयाची धंदेवाईक

शंभर मीटर पोहण्याच्या शर्यतीत सलग दोन वर्षं राज्यात माझ्या पुढे कोणी नव्हतं. बढाई म्हणून नाही सांगत. छप्पन साली ज्या कागदाने मला पाण्याबाहेर काढलं, त्यात हे वाक्य नव्हतं म्हणून सांगते. त्यात एवढंच होतं की कुमारी सुलक्षणा धोंडू परब, राहणार घाटकोपर, ही धंदेवाईक पोहणारी आहे.

धंदेवाईक! माझ्याकडे पोहायचे पोशाख दोन, आणि त्यातल्या एकाला ठिगळ होतं.

मी पोहायला शिकले मुलुंडला, एका वाडीतल्या विहिरीत. माझा मामा तिथे माळी होता. त्याने पाठीला सुका भोपळा बांधला, मला आत ढकललं आणि आठव्या दिवशी भोपळा सोडून घेतला. विहीर जेमतेम बारा हात रुंद. जरा हात मारले की भिंत. त्यामुळे वळणं माझ्या अंगात भिनलं. पुढे शहरातल्या तलावात बाकीच्या मुली भिंतीशी घुटमळत, तेवढ्यात मी वळून परत निघालेली असे.

ते मार्तंडसरांनी हेरलं. सर आमच्या जलतरण संघटनेचे चिटणीस. पाच वर्षं त्यांनी मला घासूनपुसून तयार केलं. हे मी कधी नाकारणार नाही, आणि म्हणूनच माझा राग जात नाही. दर गुरुपौर्णिमेला बाबा मला नारळ आणि सव्वा रुपया देऊन त्यांच्या अंधेरीच्या घरी पाठवत. सर दोन्ही हात पुढे करून ते घेत, माझ्या डोक्यावर हात ठेवत आणि म्हणत, "यशस्वी हो." मग त्यांच्या पत्नी मला पोहे देत.

पंचावन्नच्या पावसाळ्यात मुलुंडच्या त्याच विहिरीत एक मुलगी बुडाली. आसपासच्या बायका घाबरल्या आणि मामाला म्हणाल्या, तुमची भाची आमच्या पोरींना शिकवील का? मी दर रविवारी जाऊ लागले. सात मुली होत्या. भोपळे तेच, ढकलणंही तसंच. पुढच्या गुरुपौर्णिमेला त्यांच्या आया ताट घेऊन विहिरीवर आल्या, मुली माझ्यापुढे वाकल्या. ताटात फुलं, नारळ, सव्वा रुपया. मी घेतला. का नाही घेणार? मला दुसरी रीत कोणी शिकवलीच नव्हती.

त्यांतल्या वसुधाबाईंना माझं फार कौतुक. त्यांनी वर्तमानपत्राला पत्र लिहिलं: राज्याची विजेती आमच्या मुलींना विहिरीत पोहायला शिकवते आणि गुरुदक्षिणा म्हणून फक्त सव्वा रुपया स्वीकारते. पत्र छापून आलं. बाबांनी कात्रण देवाच्या फोटोमागे खोचून ठेवलं.

दुसरं कात्रण संघटनेकडे गेलं. ते पाठवलं जयंतीच्या वडिलांनी. जयंती दोन्ही वर्षं माझ्या मागे दुसरी आलेली. नियम असा होता की शिकवण्याचा एक पैसा जरी घेतला, तर खेळाडू हौशी राहत नाही, धंदेवाईक होतो; आणि धंदेवाइकाला स्पर्धा बंद. दिवाळीआधी दिल्लीला राष्ट्रीय स्पर्धा होत्या. माझं नाव संघात पहिलं होतं. मला तिथे पोहायचं होतं. इतकं की त्या महिन्यात मला दुसरं काही सुचत नव्हतं.

चौकशी सरांच्याच घरी ठेवली. मी निघताना बाबांनी पिशवीत नारळ घातला. त्या वर्षी गुरुपौर्णिमेला सर पुण्याला होते, दक्षिणा द्यायची राहिली होती. मी मान खाली घालून उभी होते.

"चेडवा, तू चोरी केलंस काय?" बाबा म्हणाले. "मगे मान खाली कित्याक?"

सरांच्या दिवाणखान्यात चार जण बसले होते. मध्ये अध्यक्ष विद्याधरपंत, बाजूला सर. मला कोणी बस म्हणालं नाही.

"पैसे घेतलेस?" विद्याधरपंतांनी विचारलं.

"दक्षिणा घेतली."

"पैसे होते की नव्हते, तेवढं सांग."

"होते."

विद्याधरपंतांनी सुस्कारा सोडला. "हे बघ, तुला घालवायची आमची इच्छा नाही. लिहून दे, की बायकांनी गरीब मुलगी बघून मदत केली. दानाला नियम आडवा येत नाही. विषय संपला, तू दिल्लीला मोकळी."

मी सरांकडे पाहिलं. सरांनी कागद माझ्यापुढे सरकवला.

"लिही गं सुलू. शब्दाने काय होतं?"

माझ्या अंगाची आग आग झाली. "सर, शब्दानेच तर धंदेवाईक केलंत ना मला!"

तरी मी पेन उचललं. खोटं कशाला सांगू? 'मी गरीब असल्यामुळे' इथपर्यंत लिहिलं. मग त्या सात पोरी आठवल्या. भोपळा सुटल्यावर किंचाळणाऱ्या, नाका-तोंडात पाणी जाऊनही परत उडी मारणाऱ्या. त्यांनी मला भीक घातली, असं मी लिहू? माझ्या हातात कला होती म्हणून त्या वाकल्या होत्या, माझ्या ठिगळाकडे बघून नव्हे.

मी कागद फाडला.

"मग आमचा नाइलाज आहे," विद्याधरपंत म्हणाले. "मार्तंडराव, दिल्लीला संघाचे व्यवस्थापक तुम्ही. तुम्हीच लिहा. आपल्या संघटनेत वरपासून खालपर्यंत सगळे हौशी आहेत, याचा आपल्याला अभिमान आहे."

सरांनी मान डोलावली. खरंच डोलावली!

मी पिशवीतून नारळ काढला. त्यावर रुपया आणि पावली ठेवली, सरांपुढे गेले आणि वाकले.

"गुरुपौर्णिमेचं राहिलं होतं, सर. दर वर्षीचं."

सरांचे दोन्ही हात पुढे आले. पाच वर्षांची सवय. नारळ मांडीवर घेतला, सव्वा रुपया मुठीत. उजवा हात माझ्या डोक्यावर आला आणि तोंडातून निघालं, "यशस्वी हो."

मग त्यांना कळलं. हात माझ्या डोक्यावरच राहिला. विद्याधरपंत त्या मुठीकडे बघत होते.

मी उठून उभी राहिले. "आता लिहा," मी म्हणाले. "दोन नावं लिहा."

त्यांनी एकच लिहिलं. डाव्या हाताची मूठ न उघडता, तिनेच कागद दाबून धरत सरांनी उजव्या हाताने विद्याधरपंतांनी सांगितलं तसं लिहिलं, आणि दिवाळीआधी संघ घेऊन ते दिल्लीला गेले.